उपमा: घरी कसा करावा, कोणी किती खावा

नाश्त्याला उपमा चालेल का, हा प्रश्न आम्हा डॉक्टरांना जवळजवळ रोज विचारला जातो. मधुमेहाचे रुग्ण विचारतात, शस्त्रक्रियेनंतर घरी निघालेल्या आजोबांची सून विचारते, तापातून उठलेल्या मुलाची आई विचारते. बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच ठरलेले असते: उपमा हलका असतो, म्हणजे चालतोच.

‘हलका’ या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. उपमा पचायला सोपा असतो हे बरोबर आहे. पण पचायला सोपा पदार्थ रक्तातील साखर कमी वाढवतो असे नाही. तो सर्वांना सुरक्षित असतो असेही नाही. काही आजारांत हाच उपमा औषधाइतका उपयोगी पडतो आणि काहींत अपाय करतो. उपमा घरी नीट कसा करायचा आणि आपल्या घरातील रुग्णासाठी त्यात कोणते बदल करायचे, हे या लेखात पाहू.

थोडक्यात महत्त्वाचे

- रवा म्हणजे गहू. सिलिअॅक आजार असलेल्यांनी रव्याचा उपमा अजिबात खाऊ नये.
- एका व्यक्तीसाठी ३० ते ४० ग्रॅम कोरडा रवा पुरतो. बाकीचे ताट भाज्या आणि डाळीने भरावे.
- फोडणीतल्या चमचाभर डाळीने प्रथिनांची गरज भागत नाही.
- उपम्यावरची शेव, सोबतचे लोणचे आणि पापड यांतून मीठ नकळत वाढते.
- गिळायला त्रास होणाऱ्या रुग्णाला मोकळा, दाणेदार उपमा देऊ नये.

उपमा म्हणजे नेमके काय?

उपमा दक्षिण भारतातल्या घरांत सकाळी पटकन होणारा पदार्थ आहे. तमिळमध्ये त्याला उप्पुमा आणि कन्नडमध्ये उप्पिट्टु म्हणतात. ‘उप्पु’ म्हणजे मीठ आणि ‘हिट्टु’ म्हणजे पीठ. आपल्याकडचा ‘उप्पीट’ हा शब्द या कन्नड नावावरूनच आला. जो पांढरा रवा आपण नेहमी वापरतो, त्याला दक्षिणेतल्या अनेक दुकानांत ‘बॉम्बे रवा’ म्हणतात.

आपल्याकडे उपमा बहुधा एकटाच खाल्ला जातो, फार तर वर शेव आणि बाजूला चहा. दक्षिणेत त्याच्याबरोबर सांबार किंवा चटणी असते. तामिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये शाळकरी मुलांसाठी सकाळच्या न्याहारीची योजना सुरू केली, तिच्यातही उपमा भाज्या घातलेल्या सांबाराबरोबर दिला जातो. या जोडीमागे आहाराचा चांगला विचार आहे. रव्यात जे कमी पडते ते डाळ आणि भाज्या भरून काढतात.

रव्यात काय असते आणि काय नसते?

गव्हाच्या दाण्याचे ढोबळमानाने तीन भाग असतात: बाहेरचा कोंडा, आतला अंकुर आणि मधला पिठूळ गर. साधा पांढरा रवा मुख्यतः या गरापासून बनतो. त्यात पिष्टमय पदार्थ भरपूर असतात, मात्र कोंड्यातला तंतू बराचसा निघून गेलेला असतो.

१०० ग्रॅम कोरड्या रव्यातून साधारण ३४० ते ३६० कॅलरी, सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके आणि ११ ते १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. एका माणसाच्या ४० ग्रॅम रव्याचा हिशेब केला तर सुमारे १४० कॅलरी, २८ ग्रॅम कर्बोदके आणि साडेचार ग्रॅम प्रथिने होतात. प्रथिने नाश्त्याच्या मानाने कमी आहेत. म्हणून नुसता रवा आणि तेलाचा उपमा खाल्ला की दोन तासांत पुन्हा भूक लागते.

यावर रवा सोडण्याची गरज नाही. त्याचे प्रमाण मर्यादित ठेवून त्यात डाळ आणि भाज्या घालाव्यात. दक्षिणेत रवा आणि मूगडाळ एकत्र शिजवून रवा पोंगल करतात. खाली दिलेल्या कृतीत हीच कल्पना उपम्यासाठी वापरली आहे.

साहित्य (दोन व्यक्तींसाठी)

चमचे सपाट मोजावेत. मोठा चमचा १५ मिलीचा आणि लहान चमचा ५ मिलीचा धरला आहे.

- रवा: ८ मोठे चमचे (सुमारे ८० ग्रॅम)
- पिवळी मूगडाळ: ३ मोठे चमचे (सुमारे ४० ग्रॅम), अर्धा तास भिजवलेली
- बारीक चिरलेल्या भाज्या: सुमारे २०० ग्रॅम (कांदा, गाजर, फरसबी, मटार, हवा तर थोडा टोमॅटो)
- तेल: २ लहान चमचे
- मोहरी: अर्धा लहान चमचा
- उडीद डाळ आणि हरभरा डाळ: प्रत्येकी १ लहान चमचा
- कढीपत्त्याची ८ ते १० पाने, आल्याचा छोटा तुकडा किसून, १ किंवा २ हिरव्या मिरच्या, चिमूटभर हिंग
- मीठ: अर्धा लहान चमचा
- पाणी: ३०० ते ३५० मिली, शिवाय डाळ शिजवण्यासाठी वेगळे
- लिंबाचा रस आणि कोथिंबीर

कृती

१. भिजवलेली मूगडाळ थोड्या पाण्यात मऊ शिजवून घ्या. दाणा बोटांत सहज चेपला गेला पाहिजे. पूर्ण गाळ झाला तरी हरकत नाही. आदल्या रात्री शिजवून फ्रिजमध्ये ठेवली तर सकाळचा वेळ वाचतो.

२. कोरड्या कढईत रवा मंद आचेवर ५ ते ७ मिनिटे भाजा. खमंग वास सुटला आणि दाणे हलके, सुटे वाटू लागले की ताटात काढा. रंग तांबूस होईपर्यंत थांबू नका.

३. त्याच कढईत तेल तापवून मोहरी तडतडू द्या. मग उडीद आणि हरभरा डाळ घालून सोनेरी होऊ द्या. हिंग, कढीपत्ता, आले, मिरची आणि कांदा घालून कांदा मऊ होईपर्यंत परता.

४. उरलेल्या भाज्या घाला, दोन चमचे पाणी शिंपडा आणि झाकण ठेवून वाफ येऊ द्या. फरसबी आणि मटार इथेच शिजले पाहिजेत. रवा घातल्यावर त्यांना पुरेसा वेळ मिळत नाही.

५. शिजलेली मूगडाळ, मीठ आणि मोजलेले पाणी घालून खळखळून उकळी आणा.

६. आच कमी करा. एका हाताने रवा थोडा थोडा भुरभुरवत घाला आणि दुसऱ्या हाताने सतत ढवळत राहा.

७. रव्याने पाणी शोषले की झाकण ठेवून अगदी मंद आचेवर ३ मिनिटे वाफ द्या. आच बंद करून आणखी ५ मिनिटे तसेच झाकून ठेवा. शेवटी लिंबू पिळून कोथिंबीर घाला.

गुठळ्या का होतात? कच्चा रवा एकदम पाण्यात पडला की प्रत्येक ढिगाऱ्याचा बाहेरचा थर लगेच फुगून चिकट होतो. मग पाणी आत जाऊ शकत नाही आणि आत कोरडा रवा राहतो. भाजलेला रवा पाणी सावकाश शोषतो. त्यामुळे दाणे एकमेकांना चिकटण्याआधी सुटे व्हायला वेळ मिळतो. रवा नीट भाजला, पाणी पूर्ण उकळू दिले आणि रवा हळूहळू सोडला, तर गुठळ्या होत नाहीत.

पाणी किती? रव्याच्या अडीचपट पाणी घातले तर उपमा मोकळा होतो. तिप्पट घातले तर दक्षिणेत करतात तसा मऊ होतो. चावायला त्रास होणाऱ्यांसाठी आणि आजारातून उठलेल्यांसाठी मऊ उपमा चांगला. हा उपमा थंड झाल्यावर घट्ट होतो, म्हणून गरम असतानाच खावा.

एका वाढणीतून काय मिळते? वरच्या प्रमाणाने एका व्यक्तीला साधारण ३०० ते ३२० कॅलरी, ४५ ते ५० ग्रॅम कर्बोदके आणि सुमारे १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. सोबत वाटीभर साधे दही घेतले तर आणखी ३ ते ४ ग्रॅम प्रथिने मिळतात.

मधुमेह असल्यास

मधुमेहात उपमा वर्ज्य नाही. मात्र बारीक रवा लवकर पचतो, त्यामुळे साखरही लवकर वाढते. त्यासाठी हे बदल करा:

- एका व्यक्तीसाठी रवा ३० ग्रॅमपर्यंत (३ सपाट मोठे चमचे) ठेवा आणि भाज्या वाढवा. ताटलीत भाजी रव्याइतकी तरी दिसली पाहिजे.
- मूगडाळ वगळू नका. तिच्याऐवजी वाफवलेली मोड आलेली मटकी किंवा मूगही चालतात.
- बारीक रव्याऐवजी गव्हाचा जाडसर दलिया वापरता येतो. त्यात कोंडा असतो. पण त्यातही कर्बोदके असतात, म्हणून दुप्पट खाऊ नये.
- उपम्यात साखर घालू नका. बेंगळुरूच्या उपाहारगृहांत खारा भात म्हणजे उपमा आणि केसरी भात म्हणजे गोड शिरा एकाच बशीत मिळतात. या जोडीत रवा दुप्पट होतो, शिवाय साखर आणि तूपही येते.
- सोबतचा गोड चहा आणि बिस्किटे यांचीही बेरीज करा.

उपमा तुम्हाला किती मानवतो हे तपासण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ग्लुकोमीटर. खाण्यापूर्वी आणि खायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी साखर मोजा. बऱ्याच प्रौढ रुग्णांसाठी जेवणानंतरची साखर १८० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचे उद्दिष्ट असते. गरोदरपणातील मधुमेहात ते अधिक कडक, म्हणजे दोन तासांनी १२० च्या आत असते. तुमचे उद्दिष्ट तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलेच धरा. आकडा वारंवार जास्त येत असेल तर आधी रवा कमी करून पाहा. स्वतःहून गोळी किंवा इन्सुलिन वाढवू नका.

आधी नाश्ता तयार, मग इन्सुलिन. जेवणापूर्वीचे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी घेतल्यावर उपमा व्हायला उशीर झाला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून उपमा वाफेवर असल्याशिवाय सुई घेऊ नका. घाम, थरथर, घाबरल्यासारखे होणे, गोंधळल्यासारखे बोलणे ही लक्षणे दिसली किंवा साखर ७० च्या खाली आली, तर त्या वेळी उपमा खायला देऊ नका. तो उपयोगी पडायला वेळ लागतो. तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. साखर सावरली की मग उपमा द्या. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालयात न्या.

रक्तदाब आणि हृदयविकार असल्यास

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. ते जेमतेम एक सपाट लहान चमचा भरते. वरच्या कृतीत दोघांत अर्धा चमचा मीठ आहे, म्हणजे एकाच्या वाट्याला पाव चमचा. तेवढ्यावर थांबलात तर नाश्ता हिशेबात बसतो. पण वर मूठभर शेव, बाजूला लोणचे आणि पापड आले की दिवसाच्या मिठाचा मोठा भाग सकाळीच संपतो.

मीठ कमी केल्यावर चव उतरते ही तक्रार खरी आहे. आले, मिरची, कढीपत्ता, भाजलेले जिरे आणि शेवटी पिळलेले लिंबू यांनी ती बरीच भरून निघते. मीठ एकदम निम्मे न करता दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी केले तर जिभेला सवय होते.

तेल एका व्यक्तीला एक लहान चमचा पुरते. त्यातून सुमारे ४५ कॅलरी मिळतात. वनस्पती तूप टाळा. हौसेने घातलेले चार काजू चालतात, पण काजू तळून वरून तुपाची धार सोडायची आणि त्याला हलका नाश्ता म्हणायचे, हे बरोबर नाही.

तयार उपम्याचे पाकीट वापरत असाल तर मागचा तक्ता वाचा. त्यात मीठ ‘सोडियम’ म्हणून लिहिलेले असते. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचा अंदाज येतो. एका वाढणीत ४०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते १ ग्रॅम मीठ झाले.

किडनीचा आजार असल्यास

किडनीच्या रुग्णांच्या घरी हमखास होणारी एक गोष्ट सांगायला हवी. रक्तदाबासाठी चांगले म्हणून ‘कमी सोडियमचे’ मीठ आणले जाते. अशा बहुतेक मिठांत सोडियमऐवजी पोटॅशियम असते. किडनी नीट काम करत नसेल तर पोटॅशियम शरीरात साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ वापरू नका. साधे मीठच कमी प्रमाणात वापरा.

पोटॅशियम कमी ठेवायला सांगितले असेल तर टोमॅटो आणि ओल्या नारळाची चटणी टाळा. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून मग उपम्यात घाला. डाळीचे प्रमाण मात्र सरसकट सांगता येत नाही. डायलिसिस सुरू नसताना बहुधा प्रथिने मर्यादित ठेवतात आणि डायलिसिस सुरू झाल्यावर वाढवतात. म्हणून मूगडाळ किती घालायची हे आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. पाण्यावर बंधन असेल तर सांबार, ताक आणि उपम्यातले पाणीही हिशेबात धरा.

सिलिअॅक आजार असल्यास

या आजारात गव्हातील ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते. मुलांची वाढ खुंटते, जुलाब होतात, हिमोग्लोबिन वाढत नाही. कधीकधी पोटाची तक्रार अजिबात नसते. या रुग्णांसाठी रवा थोडा चालतो असे होत नाही. बारीक रवा, जाड रवा, बन्सी रवा, दलिया, खपली गहू, शेवया हे सगळे गहूच आहेत.

उपमा सोडायची मात्र गरज नाही. तांदळाचा रवा, ज्वारीचा रवा किंवा वरई वापरून वरच्याच कृतीने उपमा होतो. या रव्यांना पाणी आणि वेळ थोडा जास्त लागतो. दोन ठिकाणी चूक होते, तिकडे लक्ष द्या:

- बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. डबीवरचे घटक वाचा. खात्री नसेल तर हिंग वगळा.
- ज्वारी किंवा तांदूळ ज्या गिरणीत दळता तिथे आधी गहू दळलेला असेल, तर त्याचे पीठ तुमच्या पिठात येते. घरीच दळता आले तर उत्तम. कढई, उलथणे आणि चाळणी वेगळी ठेवा.

सिलिअॅकची नुसती शंका असेल तर तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच बंद केला तर रक्ताचा आणि आतड्याच्या तुकड्याचा अहवाल चुकीने सामान्य येऊ शकतो.

गिळायला त्रास होत असल्यास

पक्षाघात, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश किंवा मान आणि घशाची शस्त्रक्रिया यांनंतर घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. मोकळा उपमा अशा रुग्णांसाठी अवघड ठरतो. त्याचे दाणे तोंडात विखुरतात. मोहरी, हरभरा डाळ, शेंगदाणे आणि कढीपत्त्याची पाने घशात अडकतात. प्रेमाने भरवलेल्या दोन घासांनी न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून हे गांभीर्याने घ्यावे.

गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांनी मऊ अन्न चालेल असे सांगितले असेल, तरच बारीक रव्याचा, एकजीव आणि चमच्यावर स्थिर राहणारा उपमा द्या. फोडणी गाळून फक्त तेल वापरा. भाज्या आणि डाळ पूर्ण घोटून घाला. रुग्णाला ताठ बसवा, लहान चमच्याने एकेक घास द्या आणि आधीचा घास गिळल्याची खात्री करा. भरवताना टीव्ही बंद ठेवा. खाल्ल्यावर अर्धा तास तरी आडवे करू नका. खाताना ठसका लागणे, आवाज ओलसर, घरघरीत होणे किंवा वारंवार ताप येणे दिसले तर भरवणे थांबवून डॉक्टरांना कळवा.

ताप, जुलाब आणि शस्त्रक्रियेनंतर

भूक मेलेली असताना मऊ, कमी तिखट, कोमट उपमा पोटात जायला सोपा असतो. मोठी ताटली एकदम न देता अर्धी वाटी दोन-तीन वेळा द्या. बरे होण्यासाठी प्रथिने लागतात, म्हणून मूगडाळ घालाच. जुलाबात खाणे बंद करू नये. उपमा, दहीभात असे अन्न चालू ठेवावे. पण शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार उपम्याने भरून येत नाहीत. त्यासाठी ओआरएस द्यावेच लागते.

मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करायची असेल तर आधी एक-दोन दिवस कमी तंतूचे अन्न खायला सांगतात. एरवी रव्याचा दोष वाटणारी गोष्ट, म्हणजे कोंडा नसणे, इथे फायद्याची ठरते. तेव्हा उपमा भाज्या, डाळी, मोहरी आणि कोथिंबिरीशिवाय साधा करतात. तो कधीपर्यंत चालेल हे तुमच्या रुग्णालयाने दिलेल्या सूचनापत्रात पाहा.

लहान मुलांसाठी

सहा महिने पूर्ण झाल्यावर वरच्या आहारात मऊ शिजवलेला रवा देता येतो. एक वर्षापर्यंत त्यात मीठ आणि साखर घालू नका. फोडणीतले सगळे दाणे आणि मिरची वगळा, घोटलेली डाळ आणि अर्धा चमचा तूप घाला. पाच वर्षांखालील मुलांच्या उपम्यात अख्खे शेंगदाणे किंवा काजू घालू नका. ते श्वासनलिकेत अडकू शकतात.

नाश्ता आणि गोळ्यांची वेळ

- थायरॉईडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर अर्धा ते एक तासाने उपमा खा.
- मेटफॉर्मिन खाण्यासोबत किंवा खाल्ल्यानंतर घेतल्यास पोटाचा त्रास कमी होतो.
- हिमोग्लोबिन कमी असेल तर उपम्यावर लिंबू पिळा आणि चहा तासभराने प्या. लिंबातील क जीवनसत्त्व डाळ आणि भाज्यांतले लोह शोषायला मदत करते, चहा त्यात अडथळा आणतो.

साठवण

रवा कोरडा भाजून, पूर्ण थंड करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरला तर त्यात किडे लवकर होत नाहीत. जाळी, अळी किंवा कुबट वास आला तर तो रवा टाकून द्या. शिजलेला उपमा दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. उरला तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा शिपका मारून वाफ येईपर्यंत एकदाच गरम करा. केमोथेरपी सुरू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णाला ताजाच द्यावा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*उपमा बरा की पोहे?*
दोन्हींत मुख्यतः कर्बोदकेच असतात. कशाचे प्रमाण किती आणि त्यात डाळ, दाणे, भाज्या किती, यावर फरक पडतो. सिलिअॅकच्या रुग्णांना मात्र पोहे चालतात, रवा नाही.

*वजन कमी करण्यासाठी रोज उपमा खाऊ का?*
रोज एकच पदार्थ खाण्याची गरज नाही. आठवड्यातून दोन-तीनदा डाळ-भाज्यांचा उपमा आणि इतर दिवशी धिरडी, मोडाची उसळ, अंडी असे बदल ठेवा.

*ज्वारी किंवा नाचणीच्या रव्याने साखर वाढत नाही ना?*
वाढते. त्यात तंतू जास्त असतो हे खरे, पण कर्बोदकेही असतात. प्रमाण मोजूनच घ्यावे.

*ॲसिडिटीमध्ये चालतो का?*
चालतो. मिरची कमी, तेल कमी ठेवा आणि लिंबू सोसत नसेल तर वगळा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

गव्हाचे पदार्थ खाल्ल्यावर वारंवार पोट फुगणे किंवा जुलाब होणे, औषध घेऊनही हिमोग्लोबिन न वाढणे, मुलाचे वजन न वाढणे, खाताना ठसका लागणे, नाश्त्यानंतरची साखर सतत जास्त किंवा अचानक कमी येणे, यांपैकी काहीही असेल तर तपासणी करून घ्या. रवा, शेंगदाणे किंवा मोहरी खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर ती गंभीर ॲलर्जी असू शकते. अशा वेळी लगेच रुग्णालय गाठा.

एकाच घरात मधुमेहाचे आजोबा, रक्तदाबाची आजी आणि शाळेत जाणारी नात असते. तिघांसाठी तीन वेगळे पदार्थ करावे लागत नाहीत. कमी मिठाचा, भरपूर भाज्या आणि डाळ घातलेला एकच उपमा करा. आजोबांना रवा कमी पडेल असा वाढा, आजींच्या ताटलीत लोणचे ठेवू नका, आणि नातीला सोबत वाटीभर दही द्या.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या आजारानुसार आहारात बदल करण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांचा किंवा आहारतज्ज्ञांचा सल्ला घ्या.